उलटी फिरणारी पुली

“आत या की आबा, पायरीवरच का थांबलाय?”

तेजल काउंटरपाशी पोचलीसुद्धा होती. माझा एक पाय खाली होता, एक पायरीवर. काउंटरच्या कडेला स्टुलावर एक म्हातारा घडी घातलेला पेपर डाव्या हातात धरून वाचत होता. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. तो हात बाहेर न काढताही त्याला बोटं किती हे मला ठाऊक होतं. अंगठा तेवढा आहे, बाकीची चार नाहीत.

कृष्णात खाडे. त्याच्याशी मी चौतीस वर्षं बोललो नव्हतो.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. तेजल माझ्या थोरल्या लेकाची मुलगी. तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळायची. आधी आमच्या घरात तो थट्टेचाच विषय होता. तिची आई म्हणायची, पोरगी रोज शंभर माणसं मारते आणि झुरळ दिसलं की खुर्चीवर चढते. पण मग तिनं कोल्हापुरात एक, सांगलीत एक अशा दोन स्पर्धा जिंकल्या आणि पुण्याच्या एका संघानं तिला निवड चाचणीला बोलावलं. हातात तीन आठवडे होते. घरचा मॉनिटर जुना होता, त्यावर पळणारी माणसं ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी दिसायची. नवा घ्यायचा हे ठरलं, पण दोन जातींपैकी कुठला, यावर तिचं आठ दिवस घोडं अडलं होतं. राजारामपुरीतल्या या एका दुकानात म्हणे दोन्ही जातींचे मॉनिटर शेजारी शेजारी मांडून खेळून बघू देत होते.

मला तिनं माझ्या नजरेसाठी आणलं होतं. “तुम्ही आयुष्यभर लेथवर फिरता लोखंडाचा जॉब बघितलाय आबा. केसाएवढा हलला तरी तुम्हाला कळतंय. तुम्ही बघून सांगा.”

दुकान कुणाचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाटी इंग्रजीत होती. मला तर मराठी अक्षरंच उशिरा आली, तेजल पहिलीत असताना तिच्या पाटीवर तिच्याबरोबर गिरवून. कृष्णाताचा पोरगा कॉम्प्युटरचं काहीतरी करतो, एवढंच कानावर होतं.

कृष्णातानं पेपरावरून मान वर केली. माझ्याकडं बघितलं. ओळख पटायला त्याला तेवढाच वेळ लागला जेवढा मला लागला होता.

“धैर्या,” तो आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला, “गिऱ्हाईक आलंय.” आणि परत पेपरात डोकं घातलं.

तेव्हाच मागं फिरावं असं मला वाटलं. काही कारण सांगितलं असतं, पाय दुखतो म्हणालो असतो. पण तेजल आतल्या पडद्याशी पोचली होती आणि मला हातानं बोलवत होती. मी कृष्णाताच्या गुडघ्याला धक्का न लावता, अंग चोरून आत गेलो.

आतली खोली काळोखी होती. खिडकीला जाड पडदा, वरचा दिवा बंद. टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी आणि टेबलाच्या कडेला एक उंच, पाच पात्यांचा पंखा. धैर्यशील, कृष्णाताचा मुलगा, सदतीस-अडतीसचा असेल. चेहरा बापाचा, बोलणं मात्र शिकलेल्या माणसाचं.

“एसी बिघडलाय, म्हणून हा पंखा. आवाज करतोय, पण वारं चांगलं देतोय. बसा आबा,” तो मला म्हणाला. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. मी पंख्यासमोरच्या खुर्चीवर बसलो.

“ताई, हा डावीकडचा दोनशेचाळीस हर्ट्झचा,” तो तेजलला सांगायला लागला. “उजवीकडचा एकशेचव्वेचाळीसचा, पण त्यात ब्लर कमी करायची सोय आहे. ती सुरू केली की तो एकशेवीसवर चालतोय.”

“ते मला माहीत आहे,” तेजल म्हणाली. “आबांना सांगा.”

“सोपं करून सांग,” मी म्हणालो. “मी बोटांवर मोजणारा माणूस आहे.”

धैर्यशील हसला. “हलतं चित्र म्हणजे चित्रांची चळत, आबा. एक चित्र दाखवायचं, ते काढून दुसरं दाखवायचं. हा डावीकडचा सेकंदाला दोनशेचाळीस चित्रं दाखवतो. जास्त चित्रं, म्हणून हालचाल गुळगुळीत. तुम्ही माऊस हलवला की लगेच पडद्यावर दिसतं. कुठंतरी थोडी कड ओढल्यासारखी वाटते, पण थोडीच.”

“आणि उजवीकडचा?”

“तो चित्रं कमी दाखवतो, पण कड अजिबात ओढलेली नाही. सुईसारखं स्पष्ट.”

“मग त्यात विचार काय करायचा? स्पष्ट तो घ्यावा.”

“असं सगळे म्हणतात,” तेजल म्हणाली. “पण त्यात उजेड कमी पडतोय. आणि काहींचे डोळे दुखतात. आणि हातात नि पडद्यात किंचित अंतर राहतंय. किंचित म्हणजे किंचितच, पण समोरचा तेवढ्यात मला मारतोय.”

तिनं आधी डावीकडचा घेतला. धैर्यशीलनं उजवीकडचा बंद केला. तेजल कानाला हेडफोन लावून बसली आणि मग तिला कुणाचं भान राहिलं नाही. पडद्यावर खांबांमागून माणसं पळत होती, ती त्यांना टिपत होती. मी बघत राहिलो. खरंच गुळगुळीत होतं, लेथच्या तेल घातलेल्या स्लाइडसारखं. एक ट्रक धडधडत गेला, त्याच्या पाठीवर काहीतरी लिहिलं होतं. मी सावकाश वाचणारा. पहिलं अक्षर लागेपर्यंत ट्रक गेला.

बाहेर कृष्णातानं पेपराचं पान उलटलं, तो आवाज मला आत ऐकू आला. एका हातानं पेपर उलटताना फडफड जास्त होते.

आम्ही दोघं उद्यमनगरात एकाच वर्कशॉपला होतो. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण हाताला माझ्यापेक्षा बरा. चौऱ्याऐंशी सालचा दसरा. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी मशिनं धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून त्यांची पूजा होते. त्या दिवशी पट्ट्यांवरच्या आणि पुल्यांवरच्या जाळ्यासुद्धा काढायच्या, आतली घाण साफ करायची आणि प्रत्येक मोटरला झेंडूचा हार घालायचा. त्या वर्षी मालकांनी आणखी एक हौस केली. जुने पिवळे बल्ब काढून सगळ्या वर्कशॉपला ट्यूब बसवल्या. पांढरा लख्ख उजेड पडला. आम्ही सगळे वर माना करून बघत राहिलो होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मागच्या कोपऱ्यातली मोटर चालू होती, तिचा स्विच माझ्या लेथजवळ होता. तो कोपरा असा की दिवसासुद्धा दिव्याशिवाय तिथं दिसायचं नाही. काढलेली जाळी परत बसवायची राहिली होती. मोटरवरचा हार वाळून त्याचा दोरा पट्ट्याच्या बाजूला लोंबत होता. तो काढायला कृष्णात गेला आणि त्याचा हात मोटरच्या पुलीच्या चार आऱ्यांमध्ये गेला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो एकच बोलत राहिला. पुली थांबत आली होती. हळूहळू उलटी फिरत होती. आपण नीट बघून मग हात घातला.

मोटर बंदच झाली नव्हती. ती मिनिटाला चौदाशेचाळीस फेरे घेत होती. कधी उलटी फिरत नाही मोटर, हे शाळकरी पोरालासुद्धा कळतं. मालक म्हणाले, हा शुद्धीत नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, काल दसरा होता, घेतली असेल. तेवढं एक वाक्य सगळ्या उद्यमनगरात फिरलं, त्याच्या गल्लीतही गेलं, आणि कृष्णाताला चिकटलं ते चिकटलंच. कामावर परत घेतलं नाहीच. पुढं तो कुठल्याशा गोडाऊनवर राखणदार म्हणून राहिला. पोरं त्याला बघून हातानं प्याल्याची खूण करायची, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. मी तेव्हा रस्ता बदलून गेलो होतो.

“आता दुसरा,” तेजल म्हणाली. तिनं कानाचं काढून डोळे चोळले.

धैर्यशीलनं डावीकडचा बंद केला, उजवीकडचा सुरू केला, खाली बोटानं काहीतरी दाबलं. खोलीतला उजेड थोडा मंद झाला.

आणि खरंच, काय स्पष्ट दिसत होतं. पळणाऱ्या माणसाच्या छातीवरचा पट्टा, पट्ट्यावरची बक्कल. तोच ट्रक परत गेला आणि मी त्याच्या पाठीवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून मोजली, सहा होती. माझ्या सगळ्या जन्मात मी पळती गोष्ट अशी उभी असल्यासारखी बघितली नव्हती. म्हणजे मला तसं वाटलं.

“पोरी, हाच घे,” मी म्हणालो. “आणि पंखा का बंद केलास रे धैर्यशील? उकडायलंय.”

“पंखा चालू आहे आबा.”

“कुठं चालू आहे? समोर बंद दिसायलाय की.”

पंख्याची पाचही पाती मला सुटी सुटी दिसत होती. एका पात्याच्या टोकाला खरचटलेलं होतं, तेसुद्धा. आणि ती पाती सावकाश, अगदी सावकाश, थांबत आलेला पंखा मागं जावा तशी उलटी सरकत होती.

“वारं लागत नाही का तुम्हाला?” तेजलनं न वळता विचारलं.

लागत होतं. माझ्या तोंडावर, गळ्यावर, भरपूर वारं लागत होतं. सदऱ्याची कॉलर फडफडत होती.

मी हात पुढं केला. जाळीला बोट लावलं. जाळी थरथरत होती. आत पाती सावकाश उलटी सरकत होती.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“त्या मॉनिटरचंच आहे ते,” धैर्यशील म्हणाला. “ब्लर कमी करायला त्याचा मागचा दिवा सेकंदाला एकशेवीस वेळा लागतो आणि विझतो. चित्र बदलताना अंधार, चित्र जागेवर आलं की उजेड. म्हणून आपल्याला ओढलेलं दिसत नाही. आता खोलीत दुसरा उजेड नाही, तोच उजेड पंख्यावर पडतोय. प्रत्येक वेळी दिवा लागतो तेव्हा आधीच्या पात्याच्या जागी पुढचं पातं जवळजवळ पोचलेलं असतं. जरासं मागं असतं. म्हणून वाटतं की पंखा उलटा चाललाय. पोरं येतात ती हेच बघून हसतात.”

“ती सोय बंद कर.”

त्यानं दाबलं. पाती नाहीशी झाली. जाळीत नुसतं राखाडी धुकं गरगरत राहिलं.

“परत लाव.”

पाती परत आली. उलटी.

“आबा, मी खेळतेय,” तेजल म्हणाली.

“थांब जरा.” मी धैर्यशीलकडं वळलो. “जुन्या ट्यूबा. चौऱ्याऐंशी सालच्या. त्या पण असं करत होत्या का? लागणं-विझणं?”

“हो की. चोकवाल्या ट्यूबा विजेच्या लाइनीवर चालायच्या. सेकंदाला शंभर वेळा. डोळ्याला कळत नाही, पण…” तो बोलता बोलता थांबला. “का हो?”

मी मनात हिशेब करत होतो. मला वाचायला उशिरा आलं, पण आकडे आधीपासून येत होते. लेथवर त्याशिवाय चालत नाही. मिनिटाला चौदाशेचाळीस, म्हणजे सेकंदाला चोवीस फेरे. चार आरे. चोवीस चोक शहाण्णव. शंभराला चार कमी. जरासं मागं.

“तुझ्या वडिलांना आत बोलव,” मी म्हणालो.

“बाबांना? ते आत येत नाहीत सहसा. डोळ्यांना—”

“बोलव. म्हणावं रंगराव लोहार बोलवतोय.”

नाव ऐकल्यावर धैर्यशीलनं माझ्याकडं वेगळं बघितलं. म्हणजे घरात माझं नाव निघत होतं. तो बाहेर गेला. मग पडदा बाजूला झाला आणि कृष्णात दारात उभा राहिला.

“काय काम हाय?”

“बस इथं,” मी माझी खुर्ची सोडली. “त्या पंख्याकडं बघ.”

“मला काय पंखा दाखवतोस?”

“बघ तरी, लगा.”

‘लगा’ हा आमच्या जुन्या सलगीचा शब्द माझ्या तोंडातून आपोआप गेला. त्यालाही तो ऐकू आला. तो बसला. उजवा हात खिशातच होता.

पंख्याची पाती उलटी सरकत होती. कृष्णात बघत राहिला. तेजलनं आता माऊस सोडला होता, ती आळीपाळीनं आम्हा दोघांकडं बघत होती. पडद्यावर कुणीतरी तिला केव्हाच मारून टाकलं होतं.

“उलटा चाललाय,” कृष्णात शेवटी म्हणाला.

“थांबत आलाय असं वाटतंय ना?”

“व्हय.”

“आता वारं बघ.”

त्यानं डावा हात पुढं केला, पंजा पसरला. वारं लागलं तसा हात झटक्यानं मागं घेतला. मी धैर्यशीलला खूण केली. त्यानं मॉनिटर बंद केला आणि वरचा दिवा लावला. धुकं गरगरलं. मग परत काळोख, परत मॉनिटर, परत पाती. असं चार वेळा केलं. मी तोंड उघडून सांगणार होतो की त्या ट्यूबासुद्धा अशाच, सेकंदाला शंभर वेळा, आणि चार आऱ्यांची पुली. पण कृष्णात माझ्यापेक्षा हुशार कारागीर होता. त्याला सांगावं लागलं नाही.

“ट्यूबा,” तो म्हणाला.

“व्हय.”

“नव्या बसवल्या हुत्या दसऱ्याला.”

“व्हय.”

तो खुर्चीत पुढं सरकला. मग म्हणाला, “म्हणजे रंगा, तू चालू केली नव्हतीस.”

मला कळेना. “काय?”

“मोटर. मी हातानं खूण केली, बंद कर म्हणून. तू मान डोलावलीस. मी पुली बघितली, थांबत आली हुती. मी हात घातला आणि तू परत चालू केलीस. असंच मी धरून हुतो. चौतीस वर्षं. चुकून केली असशील, दुसऱ्या कुणी काय सांगितलं असंल. पण केलीस तूच, स्विच तुझ्यापाशी हुता.” तो पंख्याकडंच बघून बोलत होता. “कुणाला बोललो न्हाई. धैर्याला पण न्हाई. दारूचं बोलायलेत तर बोलू देत म्हटलं. तुझी पोरं लहान हुती.”

तेजल उठून माझ्याजवळ आली होती. मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

मला वाटलं होतं मी त्याला काहीतरी द्यायला बोलावलंय. त्यानं ते घ्यायच्या आधी माझीच निर्दोष सुटका माझ्या पदरात टाकली. आता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पंख्यानं दोघांनाही सोडवलं होतं. पण मग मी स्वतःला माणूस म्हणवू शकलो नसतो.

“मी चालू केली नाही,” मी म्हणालो. “पण बंदपण केली नव्हती. तू हात वर केलास तेव्हा मला वाटलं चहा सांगतोयस. मशिनच्या आवाजात आपण चहाची खूण तशीच करायचो. मी मान डोलावली आणि जॉबमध्ये डोकं घातलं. मालकांनी विचारलं, यानं तुला काही खूण केली होती का. मी म्हणालो, नाही, मी बघितलंच नाही. कारण हो म्हटलं असतं तर माझ्यावर आलं असतं.”

कृष्णातानं पंख्यावरची नजर माझ्याकडं वळवली.

“आणि ते वाक्य,” मी म्हणालो. “काल दसरा होता, घेतली असेल. ते कुणीतरी म्हणालं नव्हतं. मी म्हणालो होतो. तुला वास नव्हता. मी तुला स्वतः उचलून रिक्षात घातलं, तुझं तोंड माझ्या खांद्यावर होतं. वास असता तर मला आला असता.”

पंखा घरघरत राहिला. धैर्यशील टेबलाच्या कडेला टेकला होता. बाप दारुडा, हे ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. त्याच्या हातात मॉनिटरची वायर होती, ती तो उगीच गुंडाळत आणि सोडत होता.

“बाबा,” तो म्हणाला.

कृष्णातानं खिशातून उजवा हात काढला आणि मांडीवर ठेवला. मग तेजलला म्हणाला, “पोरी, तुझं काय ठरलं? तुझं काम ऱ्हायलं की मधीच.”

“मला नाही ठरवता येत,” ती म्हणाली.

“तो उजवीकडचा घेऊ नको,” मी म्हणालो. “लबाड उजेड आहे तो.”

तेजलनं नाक पुसलं आणि दोन्ही मॉनिटरकडं बघितलं. थोडा वेळ तशीच उभी राहिली. “आबा,” ती म्हणाली, “मला त्यात हात घालायचा नाही. नेम धरायचाय.”

“डोळे दुखतात म्हणालीस.”

“डावीकडच्यात हात लवकर चालतो, हे खरं. पण माझा हात आधीच लवकर चालतो. चुकते ती नजर. पळणारा माणूस नेमका कुठंय ते दिसलं की बाकीचं मी बघते.”

“पोरगी बरोबर बोलतीय,” कृष्णात म्हणाला. “लबाड हाय हे ठावं असलं की त्याच्याकडनं बी काम करून घेता येतंय. आपल्याला ठावं नव्हतं.”

तिनं उजवीकडचाच घेतला. त्या चाचणीत तिची निवड झाली नाही, पुढच्या वर्षी झाली. तेव्हाही मॉनिटर तोच होता. पण ही तिची गोष्ट नाही.

धैर्यशील खोकं बांधायला बाहेर गेला. कृष्णातानं डाव्या हातानं फोन काढला, डोळ्यांजवळ धरून नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.

“काय ओ?” पलीकडून हौसावहिनींचा, कृष्णाताच्या बायकोचा, आवाज आला. तो मी चौतीस वर्षांत ऐकला नव्हता, पण तसाच होता, भाकरी थापताना बोलतात तसा तुटक. “भात लावू का उशीर हाय?”

“भात ऱ्हाऊ दे. रंगा आलाय.”

पलीकडं भांड्याचा आवाज थांबला.

“त्याला कायतरी बोलायचंय तुझ्याशी,” असं म्हणून कृष्णातानं फोन माझ्या हातात दिला. मी त्याला खुणेनं नको म्हणालो. तो माझ्याकडं नुसता बघत राहिला. मग मी बोललो. ट्यूबांचं, पुलीचं, पंख्याचं, सगळं मी कसंबसं सांगितलं. मध्ये दोनदा अडलो. शेवटी म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी कृष्णात प्यालेला नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं. तरी मी तसं बोललो.”

“मला म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या.

“काय माहीत आहे?”

“त्यांनी घेतली नव्हती हे. सकाळी डबा मीच हातात दिला हुता की. नवऱ्याच्या तोंडाचा वास बायकोला कळत न्हाई व्हय?” त्यांचा आवाज चढला नाही. “मी सांगितलं हुतं तुम्हास्नी, रंगभावजी. दवाखान्याच्या पायरीवर. तीन वर्षांचं पोरगं कडेवर घेऊन. तुम्ही म्हणालात, वहिनी, तुम्ही घरात असता, बाहेरचं तुम्हाला काय कळतंय. आठवतंय?”

आठवत होतं. त्या क्षणापर्यंत आठवत नव्हतं, आणि मग सगळं आठवलं, त्यांच्या पायात चप्पल नव्हती तेसुद्धा.

“आता त्या पंख्यानं सांगितलं तवा पटलं व्हय?”

“हो,” म्हणालो.

पलीकडं भांड्याचा आवाज परत सुरू झाला.

“धैर्याच्या गाडीवर बसवून त्यांना पाठवू नका,” त्या मग म्हणाल्या. “चालत आणा. तुम्ही सोबत या. आमच्या सगळ्या गल्लीतनं या. आणि जो भेटंल त्याला थांबून सांगा. मला सांगून काय उपयोग, मला ठावंच हुतं.”

तेजल खोकं घेऊन रिक्षानं घरी गेली. जाताना ती वाकून कृष्णाताच्या पाया पडली, माझ्या नाही. मी आणि कृष्णात चालत निघालो. रविवार होता, अकरा वाजले असतील, ऊन चढायला लागलं होतं. मंगळवार पेठेपर्यंत अर्धा तास लागला. त्याच्या उजव्या बाजूनं मी चालत होतो, आणि त्यानं हात खिशात घातला नव्हता.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच पिठाची गिरणी होती. गिरणीवाला पोवार दारात उभा होता, केसांपासून भुवयांपर्यंत पांढरा. आत दळण चालू होतं.

“काय कृष्णातराव,” तो मोठ्यानं ओरडला, “आज लवकर? आणि सोबत कोण?”

कृष्णात माझ्याकडं वळला. मी पायरी चढलो.

“गिरणी जरा बंद कर,” मी पोवाराला म्हणालो. “तुला काहीतरी सांगायचंय. नीट ऐकू गेलं पाहिजे.”